बेपत्ता तीनशे मीटरांस

प्रति,
जबलपूरच्या पाच किलोमीटर शर्यतीतून बेपत्ता झालेले अंदाजे तीनशे मीटर,
मु. पो. ठाऊक नाही.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, रविवारी सकाळी आपली भेट ठरली होती आणि आपण आला नाहीत. मी आलो होतो. छातीवर नंबर लावून, चारांपैकी एक पिन बोटात टोचून घेऊन आलो होतो. जबलपूरच्या जानेवारीत उजाडायच्या आत हाफ चड्डीत उभं राहायला काय लागतं, ते डांबरात निजलेल्या तुम्हाला कळायचं नाही. डीजे झाला, झुंबा झाला, पाहुण्यांची भाषणं झाली. मापात कमी भरायचंच होतं तर ती भाषणं होती की! ती मात्र पूर्ण भरली.

मग झेंडा हलला. सिव्हिल लाइन्समधून निघायचं, छावणीच्या झाडांखालून सदरकडे जायचं, रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या केशरी शंकूला वळसा घालून त्याच वाटेनं परत यायचं. शाळेची पोरं जी सुटली ती पहिल्या चौकापर्यंत, आणि तिथे सगळी एकदम कमरेवर हात ठेवून रस्ता अडवून उभी. या गावात ग्रेनेडियर्सचं केंद्र आहे, जम्मू-काश्मीर रायफल्सचंही आहे. त्यामुळे आमच्यासारखे हौशी लोक शंकूकडे जात असतात तेव्हा समोरून जवान परतत असतात. त्यांच्या चेहऱ्यावर घाम नसतो. तेवढ्याकरता मान खाली घालून धावावं लागतं.

पाच किलोमीटर म्हणजे किरकोळ, असं न धावणाऱ्यांना वाटतं. माझ्या मते लांबची शर्यत निदान माणुसकीनं वागते. तिथे सुरुवातीला गप्पा मारता येतात, केळं खाता येतं. इथे दुसऱ्या किलोमीटरलाच श्वास गळ्याशी येतो आणि शेवटपर्यंत तिथेच मुक्काम करतो. खरी शर्यत असते ती अखेरच्या काही शे मीटरांत, म्हणजे तुमच्यात. तुमच्यासाठी मी थोडा दम राखून ठेवला होता. दात-ओठ खायची तयारी केली होती. आणि अचानक समोर कमान! फुगे! गळ्यात मेडल! वेळ २८ मिनिटं ३५ सेकंद.

अर्ध्या तासाच्या आत. हौशी माणसाच्या आयुष्यात याला काय मान आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण मनगटावरचं घड्याळ ४.७० किलोमीटरवर थांबलं होतं. उपग्रहावर चालणारी ही घड्याळं खोटं बोलतात हे मान्य. पण बहुधा जास्तीचं बोलतात. धावणारा वळणावर आतली कड धरत नाही, पाण्याच्या टेबलाकडे तिरका जातो, सेल्फीवाल्याला चुकवतो. म्हणून नीट मोजलेल्या पाच किलोमीटरला घड्याळात थोडं वरच चढतं. खाली घसरलं की समजावं, कुणीतरी घरीच राहिलं आहे. तुम्ही आला असतात तर त्याच वेगानं माझी वेळ ३० मिनिटं २५ सेकंद झाली असती. तेव्हा राग कमी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही गेलात कुठे? नर्मदेत वाहून गेलात म्हणावं तर ग्वारीघाट त्या वाटेवर नाही. भूकंपात गडप झालात म्हणावं, तर २२ मे १९९७ च्या भूकंपात इथला बॅलन्सिंग रॉकसुद्धा हलला नाही. माझा संशय शंकूवर आहे. चौक मोकळा ठेवायचा म्हणून कुणी तो दीडशे मीटर अलीकडे सरकवला की जाण्याचे दीडशे आणि येण्याचे दीडशे, असे तुम्ही जोडीनं नाहीसे होता.

तुम्हाला पकडून ठेवायची विद्या जुनी आहे. जॉन ज्युएल या इंग्रज धावपटूनं १९६१ साली सायकलनं रस्ता मोजायची रीत घालून दिली; अमेरिकेत १९७१ साली ॲलन जोन्सनं चाकाच्या फेऱ्या मोजणारं यंत्र बनवलं. सायकल आधी पोलादी फितीनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर चालवायची. हा पट्टा निदान तीनशे मीटरांचा लागतो, म्हणजे बरोबर तुमच्याएवढा! मग धावपटूला शक्य असलेल्या सगळ्यात जवळच्या वाटेनं, वळणावर कडेपासून तीस सेंटिमीटर अंतर राखून मोजायचं. एवढं करून दर किलोमीटरला एक मीटर मुद्दाम वर घालायचा, दूधवाला माप भरल्यावर वर धार सोडतो तसा. पाच किलोमीटरला पाच मीटर वरकड. आमच्या दूधवाल्यानं धार सोडली नाहीच, भांडंही अर्धवट भरलं. आणि हे ज्या गावात १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी आहे त्या गावात! इथल्या धनुष तोफेचा गोळा तीस किलोमीटरांच्या पुढे पडतो. तो तीनशे मीटर अलीकडे पडला तर चालेल का, हे एकदा विचारून बघा.

तुमची किंमत किती ते सांगतो. ५००० मीटरचा भारतीय विक्रम १९९२ पासून बहादूर प्रसादच्या नावावर होता : १३ मिनिटं २९.७० सेकंद. तो मोडला मे २०२२ मध्ये, कॅलिफोर्नियात, आपल्या आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेनं, १३ मिनिटं २५.६५ सेकंदांत. हाही जवानच, महार रेजिमेंटचा. चार सेकंदांचा फरक, म्हणजे त्या वेगानं अंदाजे पंचवीस मीटर. अख्ख्या देशाला पंचवीस मीटर पुढे सरकायला तीस वर्षं लागली. या दरानं तुम्हा तीनशेंना तीनशे साठ वर्षं पडतात. शाइस्तेखान लाल महालात मुक्काम ठोकून होता तेव्हा आम्ही सराव सुरू केला असता, तर आत्ता कुठे ही प्रगती दिसली असती. ती आम्ही एका रविवारी, नाश्त्याच्या आधी साधली.

इंग्लंडात असल्या गोष्टी मनाला लावून घेतात. मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षं ३८० मीटर आखूड होती, हे नंतरच्या फेरमोजणीत निघालं आणि हजारोंच्या वेळांवर पाणी पडलं. आमच्याकडे पोहे-जलेबीच्या रांगेत सगळ्यांचीच आयुष्यातली सर्वोत्तम वेळ आली होती. बँकेतले निवृत्त काका तीन मिनिटांनी सुधारले होते आणि त्याचं श्रेय मेथीच्या पाण्याला देत होते. काकूही मान डोलावत होत्या. तुमचं नाव काढून त्या पाण्याची बदनामी कोण करणार?

एकानं काढलं. भरतीची तयारी करणारा मुलगा होता, पायात झिजलेले बूट. अग्निवीरच्या भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत मारले तर पूर्ण साठ गुण मिळतात. त्या मैदानावर तुमच्यापैकी एकालाही दांडी मारता येत नाही. तो माइकवाल्याकडे गेला आणि विचारलं, “सर, पूरा पाँच था क्या?”

“टाइम तो अच्छा आया न?” माइकवाला म्हणाला.

“हाँ, पर पूरा था क्या?”

माइकवाल्यानं लकी ड्रॉ पुकारला. मुलगा जलेबी न घेताच शंकूच्या दिशेनं निघाला, पावलं मोजत. भेटला तर त्याच्याशी नीट वागा. त्याच्यापासून लपू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
२८ मिनिटं ३५ सेकंदवाला

ता. क. : नागपूरच्या मेहुण्याला निकाल कळवला आहे. तो घड्याळाचा फोटो मागतो आहे. वेळ दिसेल आणि अंतर दिसणार नाही, असा कापून पाठवला आहे. त्याचा फोन आलाच तर आपली ओळख नाही.