निदानवीर

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, विशेषतः ओहायो आणि मिशिगन या राज्यांतील उपनगरांत, घरापुढच्या सिमेंटच्या फरशीवर उभी असलेली वीस-पंचवीस वर्षांची पिकअप आणि तिच्या उघड्या बॉनेटखाली कमरेपर्यंत गडप झालेला तिचा मालक हे दृश्य शनिवारी सकाळी इतके सर्रास दिसते, की या मालकाची गणना स्वतंत्र सामाजिक प्रकार म्हणून करण्यास हरकत नसावी. सोयीसाठी त्याला निदानवीर म्हणता येईल. फोर्डची एफ-मालिका १९७७ पासून त्या देशात सर्वाधिक खपाची पिकअप असल्यामुळे त्याच्या हाती बहुधा १९९७ ते २००३ या पिढीतील आठ सिलिंडरांची एफ-१५० असते, आणि तिचे इंजिन लीन चालत असते.

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा लागते. हवा त्याहून जास्त झाली किंवा पेट्रोल कमी पडले की मिश्रण लीन झाले असे म्हणतात. गाडी उभ्या जागी थरथरते, पेडल दाबल्यावर क्षणभर पिकअप घेत नाही, अधूनमधून मिसिंग करते आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. १९९६ पासूनच्या गाड्यांना तपासणीचे एकसारखे सॉकेट असल्याने निदानवीर त्यात आपले स्वस्तातले यंत्र खुपसतो आणि त्यावर पी ०१७१ व पी ०१७४ हे दोन कोड उमटतात. व्ही-आकाराच्या इंजिनात सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. पहिला कोड पहिल्या रांगेचे मिश्रण लीन असल्याचे सांगतो, दुसरा दुसऱ्या रांगेचे. याहून अधिक ते काहीही सांगत नाहीत, पण निदानवीराला त्यांत सगळे ऐकू येते.

एक्झॉस्टमध्ये उरलेला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर हा या प्रकरणातला फिर्यादी असतो. निदानवीर त्यालाच आरोपी ठरवून बडतर्फ करतो. फोर्डमध्ये पहिली रांग चालकाच्या शेजारच्या बाजूला असते, तर शेवरोलेच्या व्ही-८ मध्ये ती चालकाच्या बाजूला असते, आणि त्याची आधीची गाडी शेवरोले असल्यामुळे तो प्रथम चुकीच्या बाजूचा सेन्सर बदलतो. याने बिघाडात काही फरक पडत नाही. बरोबर बाजूचा बदलून पडला असता असेही नाही. दोन्ही रांगा एकाच वेळी लीन झाल्या म्हणजे कारण दोघींना सामाईक असणार, दोन सेन्सर संगनमताने एकाच दिवशी मरणार नाहीत, हा विचार त्याला शिवत नाही, कारण विचार दुकानात मिळत नाही आणि सेन्सर मिळतो.

यानंतर जे घडते त्याला तिकडचे मेकॅनिक सुट्या भागांची तोफ डागणे म्हणतात. हवेचा प्रवाह मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर नवा येतो. तापलेल्या तारेला येणारी हवा किती थंड करते यावरून तो हवेचे माप काढतो, आणि तारेवर तेलाचा थर बसला की माप कमी दाखवतो; तो थर निदानवीराने ताकद वाढावी म्हणून हौसेने बसवलेल्या तेलकट फिल्टरमधूनही आलेला असू शकतो, आणि फवाऱ्याच्या एका डब्याने धुऊन निघतो. मग पेट्रोलचा फिल्टर बदलतो. मग मित्रांना बोलावून ट्रकचा मागचा हौदा उचलला जातो, पंप बदलतो, बिअर संपते. दिवा लागलेलाच राहतो.

निदानाची खरी सामग्री त्याच्या हातातल्या यंत्रातच असते. मिश्रण लीन वाटले की संगणक पेट्रोलचे प्रमाण वाढवतो आणि ही वाढ टक्क्यांत नोंदवतो; तिला फ्युएल ट्रिम म्हणतात, आणि ती बऱ्याच गाड्यांत २० ते २५ टक्क्यांच्या घरात गेली की कोड उमटतो. निदानवीर पत्नीला चालकाच्या जागेवर बसवून आकडे वाचायला सांगतो आणि स्वतः बॉनेटखाली कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा दिसेल त्या नळीवर मारत राहतो. फट असेल तिथे इंजिन तो फवारा ओढून घेते आणि त्याचे फेरे बदलतात, ही युक्ती मुळात चांगली आहे, फक्त तापलेल्या एक्झॉस्टवर तो फवारा उडू नये एवढी अक्कल तिला लागते. पत्नी सांगते, इंजिन उभ्या जागी चालताना तेवीस. पेडल दाबून मिनिटाला २५०० फेरे केल्यावर ती सांगते, चार. “दाबलं की बरं होतंय का हे?” असे ती विचारते, आणि उपनगरातील त्या सकाळचे संपूर्ण शास्त्र त्या प्रश्नात सामावलेले असते, कारण फटीतून शिरणारी चोरटी हवा मंद चालीत मोठा हिस्सा व्यापते आणि इंजिन जोरात हवा ओढू लागले की तिचा हिस्सा नगण्य होतो, उलट पंप दमला असता तर आकडा पेडलबरोबर चढला असता. निदानवीराचे उत्तर ठरलेले असते: तिने आकडा नीट वाचला नसावा.

फट सापडते ती थ्रॉटल बॉडीच्या मागे. इंजिनाच्या पोटात साठणारी वाफ पुन्हा आत ओढून जाळण्याच्या व्यवस्थेला पीसीव्ही म्हणतात. तिच्या नळीला तिथे बोटभर लांबीचे रबरी कोपर असते. तेलाच्या वाफेने ते वर्षानुवर्षे फुगते, चिकट आणि लिबलिबीत होते आणि खालच्या अंगाने फाटते, म्हणजे आरसा धरल्याशिवाय दिसणार नाही अशा ठिकाणी. निदानवीराला ते दिसत नाहीच; हातातून निसटलेला पाना शोधताना त्याचे बोट त्यात शिरते. कोपर काही डॉलरांत मिळते आणि दिवा विझतो.

यावर पश्चात्तापाची अपेक्षा करणे चूक ठरेल. सेन्सर, फिल्टर आणि पंप आधी बदलले नसते तर नुसत्या कोपराने भागले नसते, हे तो शेजाऱ्यांना पटवून देतो, आणि त्यांच्याही घरापुढे अशीच एक पिकअप उभी असल्यामुळे ते मान डोलावतात. काढलेले जुने भाग मात्र तो फेकत नाही. ते पुसून, एका खोक्यात भरून गॅरेजच्या फळीवर ठेवतो, खोक्यावर ‘खराब’ असे ठळक लिहितो, आणि नव्याने बसवलेला स्वस्तातला सेन्सर पुढच्या हिवाळ्यात मेला की गुपचूप त्यातलाच एक काढून बसवतो.