पाऊण तोळ्याची दोरी

आमच्या घरात माशांची परंपरा आहे ती खाण्याची. धरायचं काम आजोळी मामाचं. बांबूची काठी, टोकाला गरी, गरीला कोलंबी. काठी कितव्या नंबरची, असं कुणी विचारलं असतं, तर मामाने आधी त्याला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

म्हणून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट धरायला जायचं ठरलं तेव्हा मी निर्धास्त होतो. दुकानदाराने विचारलं, "कितीचा रॉड देऊ?"

"परवडेल तेवढ्याचा."

त्याला किंमत नको होती, वेट हवं होतं; तेही रॉडचं नव्हे, दोरीचं!

फ्लाय फिशिंगच्या या प्रकारात सगळा हिशेबच उलटा. मामाच्या गळात वजन टोकाला, दोरी बिचारी मागून जायची. इथे आमिष म्हणजे आकड्यावर पीस नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला कसलं वजन? फेकायची ती दोरीच, माशी नुसती वऱ्हाडात. पाच नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट १४० ग्रेन भरतात. जुना तोळा १८० ग्रेनांचा. म्हणजे पाऊण तोळा आणि वर अडीच-तीन गुंजा. हे गणित मांडल्यावर मी दोरीकडे सराफकट्ट्यावरच्या नजरेने पाहू लागलो.

तेव्हा आधी दोरी ठरवावी, मग तिला पेलेल तो रॉड घ्यावा. अरुंद ओढ्याला तीन-चार नंबर पुरतो, तीर्थनसारख्या नदीला पाच नंबरचा नऊ फुटी बरा. रीळ सगळ्यात शेवटी, कारण ट्राउटपुरतं त्याचं मुख्य काम दोरी सांभाळणं. मी अर्थातच रिळापासून सुरुवात केली. ते फिरवलं की 'कर्रर्र' असा मऊ आवाज यायचा. अर्धं बजेट त्या आवाजात गेलं.

दोरीतही दोन पंथ. एकीचं वजन पुढच्या भागात. नवख्याला ती सोपी, असं दुकानदार परोपरीने सांगत होता. दुसरी दोन्ही टोकांना सारखीच निमुळती. एक टोक झिजलं की उलटी गुंडाळायची, पुन्हा नवी. दंड घातलेल्या साड्यांच्या घरात वाढलेला माणूस यातली कुठली घेणार? तिथे दुकानदाराने हात टेकले.

गुशैणीजवळ परवाना खिशात घालून पाण्यात उतरलो. दोरी मागे फेकायची, ती पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, मग पुढे. सगळी विद्या त्या थांबण्यात, आणि मला तेवढंच जमत नव्हतं. पहिली माशी झुडपाला लागली. दुसरी माझ्याच टोपीला. वाटाड्या मुलगा नदीकडे बघत राहिला. बहुधा हसू लपवत असावा.

तिसऱ्या दिवशी वीतभर ब्राउन ट्राउट लागला. अंगावर लाल ठिपके, भोवती फिकी कडी, जणू कुणी बारीक कुंचल्याने बसून काढलेली. एवढा लहान मासा हातानेच दोरी ओढून आणतात. रीळ जागचं हललंही नाही. पाण्यातच आकडा सोडवला, तळहातावरून तो सटकन गेला.

रात्री घरी फोन केला.

"किती मिळाले?"

"एक. सोडून दिला."

पलीकडे बराच वेळ शांतता. तेवढ्यात तिकडे मनातल्या मनात भागाकार झाला असणार.

फोन ठेवला, दिवा मालवला आणि अंधारात रीळ दोनदा फिरवलं. कर्रर्र. आवाज मात्र खरंच सुरेख आहे.