फंडर कसा शोधावा: होतकरू संस्थाचालकांसाठी प्राथमिक धडे

ज्यांच्याकडे संस्था आहे, काम आहे आणि पैसे नाहीत, त्यांच्यासाठी हे धडे आहेत. पैसे आहेत पण काम नाही, अशी तुमची स्थिती असेल तर तुम्ही बहुधा स्वतःच फाउंडेशन आहात. तुम्ही हे वाचण्यात वेळ घालवू नका, आमचे फोन उचला.

सोयीसाठी एकच उदाहरण धरू. तुमची संस्था बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवते. दिवाळीच्या आगेमागे आईबाप मुकादमाची उचल घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकात जातात. मुलं सोबत गेली तर शाळा बुडते, म्हणून त्यांना गावातच ठेवून तुम्ही सहा महिने त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची आणि झोपायची सोय करता. काम सोपं आहे, कुणालाही एका वाक्यात सांगता येतं. फंडिंगच्या दृष्टीने हीच त्याची पहिली अडचण.

धडा पहिला: काय वाचू नये

गूगलवर ‘एनजीओ ग्रँट इंडिया’ असं टाकलंत की याद्या सापडतील. या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि त्यातली निम्मी नावं ‘आम्ही अनाहूत प्रस्ताव स्वीकारत नाही’ या एका वाक्यात संपतात. उरलेल्या दुव्यांवर एखादे सल्लागार भेटतात, जे तुम्हाला पैसे मिळवून देण्यासाठी आधी तुमच्याकडून पैसे घेतात.

फाउंडेशनच्या वेबसाइटवरचं ‘आमचं स्वप्न’ हे पानही वाचायचं नाही. तिथे पाटी घेऊन हसणारी एक मुलगी असते आणि परिवर्तनाबद्दल चार ओळी असतात. त्या वाचून प्रत्येक संस्थाचालकाला वाटतं, हे तर आपल्याबद्दलच लिहिलंय! ते सगळ्यांबद्दलच लिहिलेलं असतं. फंडरला काय आवडतं हे त्याला विचारू नये, त्याने मागच्या तीन वर्षांत कुणाला, कुठे, किती दिले ते बघावं.

धडा दुसरा: काय वाचावं

२०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ पाठच करा. नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी उंबरठा ओलांडला तरी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या प्रत्येक संस्थाचालकाच्या तोंडी ‘सीएसआर’ हा शब्द आहे.

आता कंपनीचा वार्षिक अहवाल उतरवून घ्या. पहिली चाळीस पानं चकचकीत असतात, ती सोडा. मागे, लहान टायपात, संचालकांच्या अहवालाला जोडलेलं सीएसआरचं परिशिष्ट असतं. काही वर्षांपूर्वीचे अहवाल काढलेत तर त्यात तक्ताच मिळतो: प्रकल्प, जिल्हा, रक्कम, राबवणारी संस्था. पुढे तो तक्ता आखडला, पण जुना तक्ताही पुरेसं बोलतो. शिवाय राष्ट्रीय सीएसआर पोर्टलवर कुठल्या कंपनीने कुठल्या राज्यात किती खर्च केला ते दिसतं. महाराष्ट्राचा आकडा पाहून छाती फुगेल. मग तो आकडा जिल्ह्यांत वाटला की मुंबई-पुण्यानंतर छाती पूर्ववत होईल.

यामागे कुणाचं कारस्थान नाही. कायद्यातच म्हटलंय की कंपनीने आपल्या कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. त्यामुळे फंडर शोधायचा म्हणजे आधी एमआयडीसीचा नकाशा काढायचा. चाकण, रांजणगाव, तळोजा, वाळूज, बुटीबोरी. या पट्ट्यातल्या काही शाळांच्या भिंती इतक्यांदा रंगवून झाल्यात की प्लास्टरपेक्षा रंगाचा थर जाड असावा. गरज कुठे आहे हा प्रश्न त्यानंतर येतो, वेळ उरला तर.

इथे नवशिका विचारतो, मग ज्या साखर कारखान्यासाठी हे आईबाप ऊस तोडतात, त्याच्याकडेच का मागू नये? प्रश्न फार चांगला आहे, असे प्रश्न विचारू नयेत. सहकारी साखर कारखाना ही सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे, कंपनी नव्हे. कलम १३५ तिला लागूच होत नाही. खासगी कारखाने कायद्यात बसतात, पण त्यांचा आसपासचा भाग म्हणजे कारखान्याभोवतीची गावं. तुमची मुलं तिथे नाहीत, कारण ती तिथे जाऊ नयेत म्हणूनच तर तुम्ही वसतिगृह काढलंत.

धडा तिसरा: भूगोल

२०१८ मध्ये केंद्राने देशभरातले मागास जिल्हे निवडून त्यांना ‘आकांक्षित’ म्हटलं. महाराष्ट्रातले चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव. फंडरच्या अर्जात बऱ्याचदा एक चौकोन असतो, ‘प्रकल्प आकांक्षित जिल्ह्यात आहे का?’ मांजरा नदी ओलांडली की कळंब, म्हणजे धाराशिव, म्हणजे होय. अलीकडे केज, म्हणजे बीड, म्हणजे नाही. दोन्हीकडचे मजूर एकाच ट्रॅक्टरमधून एकाच कारखान्याला जातात, हे लिहायला त्या चौकोनात जागा नसते. तुमचं वसतिगृह नदीच्या चुकीच्या काठावर असेल तर हा धडा सोडून पुढे जा.

धडा चौथा: देणारा की घेणारा

यादीत ‘अमुक उद्योगसमूह फाउंडेशन’ असं नाव दिसलं की हुरळून जाऊ नका. जुने ट्रस्ट वेगळे. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा, आणि दुसऱ्यांच्या कामाला पैसे देणं ही त्यांची जुनी रीत आहे. पण २०१४ नंतर उगवलेली कित्येक कंपनी-फाउंडेशनं आपल्याच कंपनीचा सीएसआर घेतात आणि काम स्वतःच करतात. त्यांची माणसं, त्यांच्या गाड्या, त्यांचेच टी-शर्ट. म्हणजे ज्याला तुम्ही दाता समजून पत्र लिहिताय तो खरं तर तुमचा प्रतिस्पर्धी असतो. आणि कायदा त्याच्यावर जरा मायाळूही आहे: बाहेरच्या संस्थेला सीएसआर घ्यायचा तर किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव लागतो, कंपनीने स्वतः काढलेल्या फाउंडेशनला ही अट नाही.

ओळखण्याची युक्ती सोपी. त्यांच्या नोकरीच्या जाहिराती बघा. ‘ग्रँट मॅनेजर’ हवा असेल तर अर्ज करा. ‘फील्ड कोऑर्डिनेटर’ हवा असेल तर आपल्या संस्थेतली चांगली पोरं सांभाळा.

धडा पाचवा: कागद

पॅन, १२ए, ८०जी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, एप्रिल २०२१ पासून सक्तीचा झालेला सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट. हे सगळं एका पेनड्राइव्हवर ठेवा आणि तो पेनड्राइव्ह हरवू नका, एवढंच यात शिकण्यासारखं आहे. खरी मेख धर्मादाय आयुक्तांकडच्या शेड्युल-१ च्या उताऱ्यात असते. संस्था काढली तेव्हाचे सात विश्वस्त त्यावर असतात. त्यातले गुरुजी वारले, एक जण पुण्याला मुलाकडे गेला, एकाशी अबोला आहे. बदल अर्ज दाखल आहे, मंजूर व्हायचाय. इकडे फंडरच्या ड्यू डिलिजन्सची एक्सेल शीट येते आणि तिच्यात लाल अक्षरांत ओळ असते: ‘उताऱ्याप्रमाणे सर्व विश्वस्तांचे आधार कार्ड व सध्याचा फोटो.’ गुरुजींच्या सध्याच्या फोटोचं काय करायचं, हे फंडरच्या वेबसाइटवरच्या शंकासमाधानात दिलेलं नाही. हार घातलेला फोटो अपलोड करून बघायला हरकत नाही. प्रणाली तो स्वीकारते, कारण तिला फक्त फाइल दोन एमबीच्या आत हवी असते.

धडा सहावा: सातासमुद्रापार

अमेरिकन फाउंडेशनांचा अभ्यास करणं हा या क्षेत्रातला निखळ आनंद आहे. तिथल्या खासगी फाउंडेशनला दरवर्षी ‘९९०-पीएफ’ नावाचं विवरणपत्र भरावं लागतं. त्यात कुणाला किती डॉलर दिले, प्रत्येक नाव आणि रक्कम, सगळं उघड. वर्षाला साधारण मालमत्तेच्या ५ टक्के वाटलेच पाहिजेत असा तिथला नियम आहे. न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली एक केंद्रच निघालं, फाउंडेशनांची माहिती लोकांना मिळावी म्हणून. तेच २०१९ मध्ये दुसऱ्या संस्थेत मिळून आता ‘कँडिड’ झालंय. केजमध्ये बसून तुम्ही ओहायोतल्या कुटुंबाने कुठल्या ग्रंथालयाला किती दिले ते वाचू शकता. आपल्याकडे शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेला कुणी किती दिले हे कळायला चहा पाजावा लागतो.

आनंद इथवरच. ते पैसे घ्यायला एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीचा सरकारी परवाना, लागतो. त्यासाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत कामावर १५ लाख खर्च झालेले हवेत. खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच. म्हणजे तुमच्या संस्थेची कचेरी केज बसस्टँडमागे आणि खातं संसद मार्गावर. पूर्वी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला थोडा तुमच्यासारख्यांना देऊ शकत होती. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद केलं. याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. एफसीआरए नसेल तर ९९०-पीएफ वाचत बसा, त्यावर अजून बंदी नाही.

धडा सातवा: भाषा आणि बजेट

आता प्रोग्राम ऑफिसरशी बोलायचं. हा वा ही साधारण सत्ताविशीतली, हुशार आणि मनापासून तळमळीची असते, आणि दोन वर्षांत नोकरी बदलते. ती कुठे गेली हे लिंक्डइनवर पाहात राहा. नवीन फंडर शोधण्याचा माझ्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. याद्या, पोर्टलं, परिषदा सगळं त्याखाली.

ती विचारेल, ‘यात इनोव्हेशन काय?’ तुम्ही म्हणाल, मुलांना भाकरी आणि झोपायला जागा. हे उत्तर बरोबर आहे, म्हणून चालणार नाही. ती विचारेल, ‘पर बेनिफिशियरी कॉस्ट?’ एका दिवसात दोनशे मुलांना रोबोट दाखवून आणणाऱ्या संस्थेचा आकडा तिच्या समोर असतो आणि तुम्ही पन्नास मुलांना सहा महिने जेवू घालता. भागाकार कुणाच्या बाजूने लागणार हे सांगायला नको.

बजेटमध्ये टॅब्लेट लिहिले की मंजूर होतात. स्वयंपाकाच्या मावशींचं मानधन लिहिलं की त्यावर पिवळा रंग मारून कॉमेंट येते, ‘हे ॲडमिनमध्ये येतं का?’ आणि पाठोपाठ, ‘कायद्याने ॲडमिन ५ टक्केच.’ इथे जरा थांबा आणि नम्रपणे कायदा वाचून दाखवा: ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे, तुमच्या संस्थेच्या खर्चावर नाही. खुद्द मंत्रालयाने हा खुलासा केलेला आहे. प्रोग्राम ऑफिसर म्हणेल, ‘हो सर, पण आमची इंटर्नल पॉलिसी आहे.’ मग मावशींना ‘न्यूट्रिशन फॅसिलिटेटर’ करा आणि ‘कार्यक्रम खर्चा’त टाका. मावशींना हे सांगितलंत तर त्या पगारवाढ मागतील, तेव्हा सांगू नका.

पहिला हप्ता आला की आनंदून जाऊ नका. ती उचल आहे. फेडायला किती ऊस तोडावा लागणार ते तिमाही अहवालाचा नमुना उघडल्यावर कळतं, आणि मुकादमाचा फोन दर सोमवारी येतो.

धडा आठवा: पंचांग

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, हंगाम दिवाळी ते एप्रिल. तुम्ही जूनमध्ये प्रस्ताव देता. सप्टेंबरमध्ये सीएसआर समितीची बैठक पुढे ढकलली जाते. ऑक्टोबरमध्ये मुलं येतात, किराणा उधारीवर सुरू होतो. जानेवारीत साइट व्हिजिट, त्यात पाहुण्यांना मुलांच्या हातचं तुळशीचं रोप. आणि मार्चच्या वीस-बावीस तारखेला, कारखान्यांचे पट्टे पडायला लागलेले असताना, फोन येतो: ‘सर, ३१ पूर्वी खर्च होईल असं काही आहे का तुमच्याकडे?’

आहे म्हणा. विचार फोन ठेवल्यावर करा. दोन टक्के वेळेत खर्च झाले नाहीत तर कंपनीला ते ठरवून दिलेल्या सरकारी निधीत भरावे लागतात आणि चुकलं तर दंडही आहे. त्या आठवड्यात समोरचा माणूस तुमच्याइतकाच अडलेला असतो. किराण्याची जुनी उधारी यातून फेडता येत नाही, कारण बिलं कराराच्या आधीची आहेत. पण पुढच्या हंगामाच्या गाद्या, सतरंज्या आणि पत्र्याच्या पेट्या आत्ता घेता येतात. कोटेशन तीन लागतील, तीनही वेगवेगळ्या दुकानांची असतील असं बघा. बिल पक्कं, जीएसटी नंबरासकट, तारीख ३१ च्या आतली. पेट्यांवर कंपनीचा लोगो रंगवायचा असतो, तेव्हा पेंटरला होळीलाच सांगून ठेवा. मार्चअखेरीला जिल्ह्यातल्या सगळ्या संस्था त्याच्याच दारात उभ्या असतात, आणि तो ॲडव्हान्स घेतल्याशिवाय ब्रश उचलत नाही.