कळपाची प्रतवारी

इंग्रजीतील ‘फ्लॉक’ या एका शब्दाच्या दावणीला मेंढ्या, पाखरे, पाद्रीबाबांचे श्रोते आणि गादीत भरायचा पिंजलेला कापूस असे सगळेच बांधलेले असतात. धाग्याची लांबी आणि ओल पाहून कापसाची प्रतवारी करणाऱ्या अकोल्याला हा कारभार भोंगळ वाटला तर नवल नाही. मराठी व्याकरण ज्यांना समूहदर्शक म्हणते ते शब्द, म्हणजे गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, चोरांची टोळी, भाकरींची चवड वगैरे, शाळकरी मुले गुणांपुरते पाठ करतात. परंतु हे शब्द समूहाची संख्या सांगत नाहीत, पत सांगतात.

वऱ्हाडात उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी उरकली, की मेंढ्यांचे कळप पऱ्हाटीत उतरतात आणि शेतकरी लेंडीखतासाठी ‘मेंढ्या बसवतो’, म्हणजे मोबदला देऊन त्यांना रात्री आपल्या वावरात मुक्कामाला ठेवतो. भर दुपारी प्रत्येक मेंढी शेजारणीच्या पोटाखाली डोके खुपसून उभी राहते, त्यामुळे डोक्याला सावली मिळते आणि पुढचे कोणालाच दिसत नाही. वाट दाखवण्यासाठी म्हणून कळपात चार शेळ्या ठेवलेल्या असतात. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी हा तपशील अवश्य तपासावा. तुरीत शिरणाऱ्या रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, समूहही कळपच असतो, मात्र तो शब्द उच्चारताना वऱ्हाडी आवाज चढतो. 2020 च्या मे महिन्यात अमरावती जिल्ह्यात उतरलेल्या टोळांच्या वाट्याला तर दरोडेखोरांची ‘धाड’ आली. लमाणांचा तांडा हा मुळात बैलांवर धान्य आणि मीठ लादून फिरणारा काफिला. 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोचलेल्या लोहमार्गासारख्या सोयींमुळे त्यांचा धंदा बसला, तांडेही बसले, आणि आता शाळा व ग्रामपंचायत असलेले, जागचे न हलणारे गावही तांडाच म्हणवते.

माणसाची प्रतवारी दिवसागणिक बदलते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून कावडीत पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराकडे निघालेला अकोलेकर भक्तांच्या मेळ्यात मोजला जातो, मंगळवारी बाजारात तोच गर्दी होतो आणि बुधवारी पीकविम्यासाठी कचेरीसमोर उभा राहिला की जमाव. भारतीय न्याय संहितेच्या कलम 189 नुसार उद्देश बेकायदा असेल तर ‘बेकायदा जमाव’ व्हायला पाच माणसे पुरतात. चौघांनी तोच उद्देश बाळगला तरी त्यांना हा मान मिळत नाही. लोकप्रतिनिधींचे गणित याहून उदार आहे: 1985 चा पक्षांतरबंदी कायदा एकट्याने पक्ष सोडणाऱ्याला अपात्र ठरवतो, मात्र दोन-तृतीयांश सदस्यांनी मिळून दुसऱ्या पक्षाची वाट धरली तर त्याला विलीनीकरण म्हणतो, भरकटलेल्या मेंढीला शिक्षा आणि भरकटलेल्या कळपाला अभय, असे हे कलम आहे.

मंत्र्यांच्या मोटारींसाठी ‘ताफा’ हा शब्द रूढ झाला आहे. जुन्या मराठीत तो कलावंतिणी आणि त्यांच्या साथीदारांच्या संचाला लावत, हे बंदोबस्तावरील शिपायांना बहुधा कोणी सांगितलेले नसावे. नुकसानीच्या पाहणीसाठी असा ताफा बांधावर यायचा असला की जमावाला आधी पांगवले जाते. रोह्यांचा कळप मात्र तुरीतच चरत राहतो, कारण जमावबंदीचा हुकूम त्याला लागू नाही.