धक्का देणारा

मे महिन्यात नामपुरात दोनच गोष्टी गार असतात, माठातलं पाणी आणि कांद्याचा भाव. तिसरा आमचा फ्रीज होता. परवा तोही गळाला.

मला आधी पटेचना. दार उघडलं तर आत दिवा लख्ख. "चालू तर आहे की," मी म्हणालो. "दिवा लागला म्हणजे काम चाललंय असं नसतं," ही म्हणाली. बोलताना ती फ्रीजकडे बघत होती की माझ्याकडे, ते विचारायचं मी टाळलं. तोवर दूध नासलं होतं आणि बर्फाच्या ट्रेमध्ये मोसम नदीला आवर्तन सुटावं तसं पाणी झालं होतं.

मागच्या बाजूला कान लावला. सात-आठ सेकंद 'हूंऽऽऽ', मग 'टिक्', मग सामसूम. चार-पाच मिनिटांनी पुन्हा तेच. बाजेवरून "उठतो, उठतो" म्हणत पुन्हा टेकणारे आमचे एक थोरले काका आठवले. एका मेकॅनिकला फोनवर हे सांगितलं, तर नाडी न बघताच त्यानं निदान केलं, "कॉम्प्रेसर गेला. नवा फ्रीजच बघा."

शेवटी गल्लीच्या टोकाला विहिरीच्या मोटारी बांधून देणारा पोरगा आला. त्यानं पिन काढली, मागचा पत्रा सोडला, कॉम्प्रेसरच्या काळ्या हंड्याला चिकटलेली काडेपेटीएवढी डबी ओढून काढली आणि माझ्या कानाशी हलवली. खुळ्, खुळ्.

"नाना, कॉम्प्रेसर नही गया. त्याले धक्का देणारा मरी गया."

त्या डबीला पीटीसी रिले म्हणतात. आत बेरियम टायटॅनेट नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची चकती असते, रुपयाच्या नाण्याहून लहान. आमच्या चकतीचे तीन तुकडे झाले होते.

शेतकऱ्याला हे प्रकरण समजायला जड नाही. विहिरीवरची थ्री फेज मोटार आपली आपण फिरते, कारण तीन गडी पाळीपाळीनं चाक ढकलतात. घरात येतो तो एकच फेज. एकटा गडी चाक नुसतं पुढं-मागं हिसकतो, ते जागचं हलत नाही, फक्त हुंकारतं. म्हणून मोटारीत बारीक तारेचं दुसरं वाइंडिंग असतं, सुरुवातीचा रेटा द्यायला. चकती गार असते तेव्हा त्या वाइंडिंगची वाट मोकळी असते. वीज शिरली की अर्ध्या-एक सेकंदात चकती शंभर अंशांच्या वर तापते आणि वाट जवळजवळ बंद करून टाकते. तोवर मोटारीनं वेग घेतलेला असतो. चकती बाजूला झालीच नाही, तर ते नाजूक वाइंडिंग तापून जळायची वेळ येते. ती तुटली, तर मोटार अडते, तापते, आणि ओव्हरलोड नावाची दुसरी डबी 'टिक्' करून तिचा जीव वाचवते. आमच्याकडे हेच चाललं होतं.

लाइट जाऊन लगेच आली की फ्रीज कण्हतो, त्याचंही कारण इथंच. चकती अजून गरम असते आणि नळ्यांतला गॅसचा दाब उतरलेला नसतो. तीन-पाच मिनिटं दम खाऊ द्यावा लागतो. आमच्याकडे लाइट इतका विचार करून येत नाही.

नवा रिले मालेगावहून आला, दीडशे रुपयांत. बसवायचा मान मी मागून घेतला. पिन काढून ती डोळ्यांसमोर ठेवली. हंड्यावर तीन खिळे, त्रिकोणात. पोरानं मीटर लावून जोडीजोडीनं मोजलं. दोन लहान आकड्यांची बेरीज तिसऱ्या मोठ्या आकड्याएवढी भरली, म्हणजे वाइंडिंग शाबूत. रिले सरळ दाबला, ओव्हरलोड बसवला, तारेची क्लिप अडकवताना बोटाचं साल गेलं. पिन लावली. एक पुसटसा 'हं', आणि मग घुर्रर्र.

"व्हई गया चालू!" पोरगा म्हणाला आणि चहा न घेताच निघाला.

मी मात्र तिथून हललो नाही. दर दहा मिनिटांनी दार उघडायचं, आत हात घालायचा, पुन्हा मागं कान लावायचा. चौथ्या खेपेला ही म्हणाली, "अहो, चालू झालाय ना? मग बाजूला व्हा. तुम्ही दार उघडता म्हणून तो गार होत नाहीये."

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ते वाक्य घुर्रर्र करत राहिलं. शेत मुलाच्या हाती देऊन तीन वर्षं झाली. तरी चाळीतला कांदा कधी काढायचा, ट्रॅक्टर लिलावाला कुठल्या वारी लावायचा, हे मी त्याला रोज सांगतो. बाजार समितीत जाताना त्याच्या शेजारी चढून बसतो. व्यापारी बोली लावतात आणि हा आधी माझ्या तोंडाकडे बघतो. इतकी वर्षं मला तो आदर वाटत होता. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पोरगं तापत असेल.

सकाळी ट्रॅक्टर भरून उभा होता. मी सवयीनं टोपी घातली, ओट्यापर्यंत गेलो. मुलानं शेजारची जागा झटकून ठेवली होती. मी टोपी काढून खुंटीला लावली.

"येत नाही?" त्यानं विचारलं.

"काटापावती जपून ठेव," एवढंच म्हणालो. अर्ध्या सेकंदात तेवढंच मावतं.