डबीमाहात्म्य

पुण्याच्या बिबवेवाडीतील मनुष्य स्वभावतः संशयी असतो. मार्केट यार्डात कोथिंबिरीची जुडी घेताना तो तिच्या पोटातील ओल चाचपून पाहतो, पेट्रोल पंपावर यंत्रावरचे शून्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज नळी टाकीत जाऊ देत नाही, आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगकामाच्या जमाखर्चात साडेबारा रुपयांची तफावत निघाली, तर तिची रुजुवात होईपर्यंत सभा तहकूब ठेवण्याची त्याची तयारी असते. असा हा चौकस नागरिक मोबाइलच्या पडद्यावर झळकणाऱ्या ३९९ रुपयांच्या एका प्लॅस्टिकच्या डबीपुढे मात्र निःशंक होऊन उभा राहतो आणि तिच्या वेष्टणावरील मजकूर सनदेप्रमाणे प्रमाण मानतो.

सदरहू डबी स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटात खोचावयाची असते. एरवी त्या ठिकाणी मेकॅनिक आपला स्कॅनर लावून गाडीची दुखणी वाचतो. डबी खोचताच तिच्यातील हिरवे-तांबडे दिवे लुकलुकू लागतात आणि मालकाच्या चेहऱ्यावर कृतार्थतेचा भाव उमटतो. इंधनात पंधरा टक्के बचत आणि शक्तीत पस्तीस टक्के वाढ, असे तिचे आश्वासन. तथापि पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर ती आपल्या चालविण्याच्या सवयींचा अभ्यास करीत असल्यामुळे त्या मुदतीत गुण न आल्यास तक्रार करू नये, अशी पुस्तीही जोडलेली असते. अशा डब्या फोडून पाहण्याचे औद्धत्य ज्यांनी केले, त्यांना आत दिवे, दिवे लुकलुकविणारी एक चिप आणि विपुल हवा एवढाच ऐवज आढळला. काहींत तर ज्या पिनांवाटे इंजिनाच्या संगणकाशी संवाद होतो त्यांना तारच जोडलेली नव्हती, सबब अभ्यास कोणाचा आणि कोणत्या मार्गाने चालला होता, हे गूढच राहिले.

या डबीचे कुळ मोठे आहे. पेट्रोलच्या नळीवर बांधावयाचे लोहचुंबक हे त्यातील ज्येष्ठ. त्यांच्यामुळे म्हणे इंधनाचे रेणू शिस्तीने रांगेत उभे राहतात आणि संपूर्ण जळतात. वस्तुतः पेट्रोल चुंबकाची दखल जवळजवळ घेतच नाही, आणि रांगेत उभे राहण्याची ही हौस बिबवेवाडीच्या चौकात वाहनांना नसताना केवळ त्यांच्या इंधनालाच का असावी, हेही कळत नाही. त्यानंतर लायटरच्या सॉकेटात बसणारा ‘स्टॅबिलायझर’, हवेच्या नळीत घुसळण करणारा पंखा, आणि बोनेटखाली पाण्याचे विघटन करून तो वायू इंजिनाला पाजणारे हायड्रोजनचे किट. या शेवटच्या प्रकारात विघटनासाठी लागणारी वीज अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरविते आणि इंजिन पेट्रोलवर चालते. म्हणजे बँकेकडून बारा टक्क्यांनी कर्ज काढून तीच रक्कम त्याच बँकेत सहा टक्क्यांच्या मुदतठेवीत ठेवावी आणि व्याज मिळते म्हणून पेढे वाटावेत, असा हा व्यवहार आहे.

‘संपूर्ण ज्वलन’ हा या सर्वांचा मूळ मंत्र. परंतु धुराड्यातील सेन्सर क्षणोक्षणी प्राणवायूचा अंदाज घेतो आणि एक भाग पेट्रोलास सुमारे १४.७ भाग हवा हे वजनी प्रमाण संगणक सांभाळतो, त्यामुळे आजच्या धडधाकट इंजिनात न जळता बाहेर पडणारे पेट्रोल एकदोन टक्क्यांच्या पलीकडे जात नाही. खरा अपव्यय उष्णतेचा आहे: पेट्रोलातील निम्म्याहून अधिक शक्ती रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे वातावरणास अर्पण होते. त्या प्रचंड गळतीस हात लावण्याचे सामर्थ्य कोणत्याही चुंबकात नसल्याने तो त्या एकदोन टक्क्यांतून पंधरा टक्के काढून दाखवितो. असे अंकगणित पूर्वी फक्त सावकारांच्या चोपड्यांत आढळत असे.

अमेरिकेतील पर्यावरण संरक्षण खात्याने असली शंभराहून अधिक उपकरणे तपासली, आणि त्यांतील फारच थोड्यांचा किंचित उपयोग दिसला. आपल्याकडे १९९६ साली तामिळनाडूच्या रामर पिल्लई यांनी पाण्यात वनस्पती उकळून पेट्रोल करण्याचा दावा केला तेव्हा देशभर केवढे कौतुक झाले! पुढे २०१६ साली चेन्नईच्या न्यायालयाने त्यांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्यांच्या प्रयोगात निदान पाणी तरी लागत असे. खुद्द पुण्यात, वेताळ टेकडीच्या अंगावर, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था गाड्या रोलरांवर चढवून त्यांचे मायलेज मोजते, आणि इंधनाच्या एकेका टक्क्यासाठी कारखान्यांतील अभियंते वर्षानुवर्षे झिजतात. त्या सर्वांना ३९९ रुपयांची ही युक्ती सुचली नाही, असे मानावयाचे, किंवा सुचली असून तेल कंपन्यांनी ती दडपली, असे मानावयाचे. बिबवेवाडी दुसरा पक्ष स्वीकारते, कारण त्यात संशयी स्वभावाचीही सोय होते.

आमच्या सोसायटीतील एका गृहस्थांची सारी हयात एका सरकारी खात्यात हिशेब तपासण्यात गेली. डबी बसविल्यापासून त्यांची गाडी चौदाऐवजी अठराचे अॅव्हरेज देते, असे ते लिफ्टमध्ये भेटेल त्यास सांगतात. त्यांची मोजणी अप्पर डेपोपासून मार्केट यार्डाच्या दिशेने, म्हणजे उताराने, झालेली असते. परतीचा चढ ‘ट्रॅफिक होतं’ या सबबीवर हिशेबातून वगळलेला असतो. उतारावर ते गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात. वास्तविक इंजेक्शनच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पेट्रोल बंदच होते, आणि न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यापुरते जळत राहते. परंतु हे ज्ञान ते अधर्म समजतात. मौजेचा भाग असा की डबीसोबतच्या पत्रकात टायरमध्ये हवा योग्य ठेवा, एअर फिल्टर स्वच्छ करा, एकदम वेग घेऊ नका, अशा सूचना होत्या आणि त्या त्यांनी भक्तिभावाने पाळल्या. १९७८ साली स्थापन झालेली पीसीआरए ही सरकारी संस्था हेच, शिवाय ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवा हेही, विनामूल्य सांगत आली आहे; पण फुकट उपदेशाला दिवे नसतात.

गेल्या महिन्यात अप्परच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा, त्यांच्याच मजल्यावरचा एक मुलगा त्यांना म्हणाला, “काका, आपण नीट टेस्ट घेऊ. टाकी फुल्ल करायची, पहाटे रस्ता मोकळा असताना खेड-शिवापूरला जाऊन यायचं, परत फुल्ल करून मोजायचं. तीनदा डबी लावून, तीनदा काढून.”

गृहस्थांनी जुन्या सवयीने खिशातून कागद काढला. जाऊन-येऊन चाळीस, सहा वेळा म्हणजे दोनशे चाळीस किलोमीटर, पेट्रोल शंभरीपलीकडचे, टोल निराळा. “अरे, सतरा लिटरच्या वर जातंय,” ते म्हणाले. “चारशेची वस्तू तपासायला सतरा-अठराशे रुपये जाळू? काही व्यवहार आहे का नाही?” आणि मागणी फेटाळण्यात आली. कागद मुलाच्या हातात राहिला. त्यावर दोनशे चाळिसास चौदाने भागलेले होते.