मागच्या सीटवरच्या बाजारपिशवीस खुले पत्र

प्रति,
बाजाराची पिशवी,
मागची सीट, वसई.

स. न. वि. वि. (साष्टांगच घालणार होते, पण गुडघ्यांनी परवानगी नाकारली.)

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन! ऊन असो, पाऊस असो, दर रविवारी तुम्ही न चुकता मिस्साला जाता. पुढे साहेब आणि बाईसाहेब, मागे ऐसपैस तुम्ही. मिस्सा आटोपताच मासळीबाजार, मग घर. तुमची गाडी दारावरून जाते तेव्हा मी ओट्यावर उभी असते. साहेब प्रेमानं हात हलवतात. मीही हलवते, एकच; दुसरा वॉकरवर असतो.

चर्चच्या कायद्याचं कलम १२४७ रविवारच्या मिस्साचं बंधन घालतं. पण आजारपण किंवा म्हातारपण आडवं आलं तर ते बंधन राहत नाही. गंमत अशी, की माफी मिळाली आम्हाला आणि मोकळे झाले धडधाकट लोक! 'मावशी, तुम्हाला काही पाप लागत नाही,' असं जो तो सांगून जातो. अरे बाबांनो, पापाचं कोण विचारतंय? मला मिस्साला जायचंय.

'टीव्हीवर बघा ना!' बघते की. पण कम्युनियनच्या वेळी टीव्हीतून हात बाहेर येत नाही. पहिल्या शुक्रवारी फादर घरी कम्युनियन आणतात. १९७३ पासून रोमनं प्रापंचिकांनाही ती सेवा करायची वाट मोकळी केली. देव घरी येतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच्यासोबत कॉयरचा बेसूर आणि मागच्या बाकावरच्या गप्पा येत नाहीत. त्यासाठी मलाच जावं लागतं.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबांच्या नावे केला. त्या दिवशी चर्चमध्ये आमचं तोंडभर कौतुक होतं, आमच्या गैरहजेरीत.

तेव्हा पिशवीबाई, जरा सरकता का? मला फार काही लागत नाही. गाडी थोडी लवकर काढायची. मी आधी सीटवर टेकते, मग एकेक पाय आत घेते. तेवढा वेळ हॉर्न वाजवायचा नाही. वॉकरची घडी डिकीत मावते. पायऱ्यांसमोर नको, उताराच्या दाराशी उतरवा. निघण्याआधी मी चहा-बटर खाल्लं तरी चिंता नको; कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपास म्हाताऱ्यांना माफ आहे, कलम ९१९. परतताना बाजारात मी गाडीतच बसेन. बोंबील घेऊन आलात की खुशाल माझ्या मांडीवर बसा.

कळावे,
आपली,
ओट्यावरची मावशी

ता. क. : पत्र साहेबांना जरूर दाखवा. ते म्हणतील, 'मावशी, आधी सांगायचं ना!' तेव्हा माझ्या वतीनं एवढंच विचारा, की गाडी तुमची, वाट माझ्या दारावरून, मग विचारायचं कोणी?